बाबांनी निवडलेल्या कोंबड्या

कोंबड्या घ्यायचं ठरल्यावर माझ्या नवऱ्यानं आधी एक एक्सेल शीट केली. तो आयटीतला, त्यातून पुण्याचा, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. जात, अंडी किती, आवाज किती, उन्हाळा सोसते का, मुलांना चोच मारते का, असे रकाने होते आणि शेवटी प्रत्येक जातीला दहापैकी गुण. तपकिरी संकरित कोंबड्या पहिल्या आल्या होत्या. "पॉइंट ऑफ ले म्हणजे अंडी सुरू व्हायच्या बेतातल्या असतात. तशा तीन घेऊ, डन," तो म्हणाला. या माणसानं जन्मात कधी जिवंत कोंबडी हातात धरलेली नाही. अंडं खातो, कोंबडी खात नाही, आणि ताटातल्या कोंबडीकडेही जरा लांबूनच बघतो. मी शीट पूर्ण वाचली, चांगली होती, आणि त्याला सांगितलं की ही ठेवून दे. कोंबड्या बाबा निवडतील.

कोंबड्यांचा घाट बाबांसाठीच तर घातला होता. आई गेल्यावर दीड वर्ष ते कोल्हापूरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहिले. मी एकुलती एक. मार्चमध्ये ते आमच्याकडे सिडनीला, टूनगॅबीला आले. व्हिसा वर्षभराचा होता, पण तिकीट त्यांनी स्वतः काढलं होतं आणि परतीचं सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं. "राहतो, बघतो," एवढंच म्हणाले होते. त्यांनी परत जाऊ नये असं मला वाटत होतं. ते गेले तर एक दिवस बाथरूममध्ये घसरून पडतील आणि मला ते शेजाऱ्यांच्या फोनवरून कळेल, ही भीती कामावर, ट्रेनमध्ये, भांडी लावताना सारखी सोबत असायची. हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी बहुतेक आणखी लवकरचं तिकीट बघितलं असतं.

त्याऐवजी मी आणि नवऱ्यानं एक ठरवलं होतं. बाबांना कशालाही नाही म्हणायचं नाही. त्यांनी परसातल्या लिंबाच्या झाडाच्या नेमक्या फुलं आलेल्या फांद्या छाटल्या, आम्ही म्हटलं छान मोकळं झालं झाड. ते चहात साखर ओतायचे, आम्ही प्यायचो. त्यांनी डिशवॉशरमध्ये हात धुवायचा साबण घातला, स्वयंपाकघरभर फेस झाला, तेव्हाही मी हसून "असू दे" म्हणाले आणि फरशी पुसली. घरातल्या कुठल्याही कामाला हात लावला की, "बाबा, तुम्ही बसा." एवढं करूनही दर चार दिवसांनी त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. "इथं मला काय काम आहे?" मला वाटायचं, काम दिलं की हा प्रश्न सुटेल. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नमुना आला, तपासला, उत्तर कळवलं, ही माझी सवय.

कोंबड्या सुचल्या त्या बाबांच्या लौकिकामुळे. पाटबंधारे खात्यात ते साधे कारकून होते, पण आमच्या गल्लीत त्यांना मान होता तो कोंबडी निवडण्याचा. कुणाकडे पाहुणे येणार असले, कुणाचा जावई पहिल्यांदा येणार असला की रविवारी सकाळी लोक बाबांना घेऊन बाजारात जायचे. ते कोंबडी दोन्ही पंख धरून उचलायचे, छातीवरच्या पिसांत फुंकर मारून कातडी बघायचे, छातीच्या हाडाचं टोक अंगठ्यानं दाबायचे. टोक वाकलं की कवळी, नाही वाकलं की जून. मग मांडी दाबायची, हातात तोलायची, आणि एकतर मान डोलवायची नाहीतर पुढची कोंबडी घ्यायची. मी लहानपणी त्यांच्यासोबत जायचे आणि मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आता लिहिताना दिसतंय की या सगळ्यात कोंबडीचा आमच्याशी संबंध रविवारच्या दुपारपर्यंतच असायचा. तेव्हा ते मला दिसलं नाही. माझ्या डोक्यात एवढंच होतं की बाबांना कोंबड्यांतलं कळतं.

जुलैतल्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातल्या, एका शनिवारी आम्ही निघालो. रिचमंडच्या बाजूला एकाकडे सगळ्या जातीच्या कोंबड्या मिळतात असं शेजारणीनं सांगितलं होतं. नवरा घरी थांबून आणलेलं खुराडं जोडत होता, त्याचे सुटे भाग आणि स्क्रू आदल्या दिवसापासून हॉलभर पसरले होते. गाडीत पुढे बाबा, मागे माझी आठ वर्षांची मुलगी आणि भोकं पाडलेली दोन खोकी. बाबांनी इस्त्रीचा शर्ट आणि वर स्वेटर घातला होता. तासभराच्या रस्त्यात ते तिला कोंबडी कशी धरायची ते मराठीत समजावत होते आणि ती "ओके आजोबा," "बट डझ इट हर्ट हर, आजोबा?" असं इंग्रजीत विचारत होती. दोघांचं नेहमी असंच चालतं, कुणाचं अडत नाही.

कोंबड्यावाला साठीचा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेला, बोलायला मोकळा माणूस होता. त्याच्याकडे जाळीचे सात-आठ कप्पे होते. पहिल्याच कप्प्यात नवऱ्याच्या शीटमधल्या तपकिरी कोंबड्या होत्या. बाबांनी एक उचलली, फुंकर मारली, अंगठा लावला आणि लगेच खाली सोडली. "काही नाही हिच्यात. नुसतं पीस," म्हणाले. दुसऱ्या कप्प्यातल्या उंच काळ्या कोंबड्यांवरही तेवढाच वेळ गेला. मुलीला रेशमासारख्या पिसांच्या पांढऱ्या गुबगुबीत कोंबड्या आवडल्या होत्या. बाबांनी तिच्यासाठी एक उचलून दाखवली आणि हसून म्हणाले, "आत बघ की, चिमणीएवढी आहे."

शेवटच्या कप्प्याशी ते थांबले. तिथल्या कोंबड्या बुटक्या, रुंद छातीच्या, पाय फाकवून उभ्या राहिलेल्या, पिवळ्या पायांच्या होत्या. बाबांनी एक उचलली आणि त्यांचा चेहराच बदलला. अंगठा फिरला, मांडी दाबून झाली, मग त्यांनी ती हातात दोनदा वरखाली तोलली. "हिला म्हणतात कोंबडी," ते म्हणाले. मी विचारल्यावर त्या माणसानं जातीचं नाव इंडियन गेम असं सांगितलं. बाबांना त्याच्या बोलण्यातला 'इंडियन' एवढा एकच शब्द नीट समजला आणि त्यांना सर्टिफिकेट मिळाल्यासारखं झालं. "बघ, आपल्याकडच्याच." आई गेल्यापासून त्यांच्या आवाजात मी ही ऐट ऐकली नव्हती.

तेवढ्यात तो माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "दीज आर टेबल बर्ड्स, मोअर ऑर लेस. यू आफ्टर एग्ज?"

मला ते स्पष्ट ऐकू आलं आणि स्पष्ट कळलं. या खाण्यासाठी पाळतात, अंड्यांसाठी नव्हे. "काय म्हणतोय गं तो?" बाबांनी विचारलं. कोंबडी त्यांनी छातीशी धरली होती आणि मुलगी तिच्या पाठीवरून एक बोट फिरवत होती.

"चांगली निवड आहे म्हणतोय," मी म्हटलं. आणि त्या माणसाला म्हटलं, "दॅट्स फाइन. नो वरीज." त्यानं खांदे उडवले आणि खोकी उघडली.

घरी येताना मुलीनं तिघींची नावं ठेवून टाकली. बाबा मला हळूच म्हणाले, "नाव ठेवल्यावर मग कसं करायचं?" मी म्हटलं, बाबा, या कापायच्या नाहीत, अंड्यांसाठी आहेत. "माहिती आहे की," ते म्हणाले. "नुसतं विचारलं."

पुढचे तीन आठवडे बाबा खरोखर कामाला लागले. सकाळी मी साडेसहाच्या ट्रेनसाठी निघायचे तेव्हा ते टोपी-स्वेटर घालून परसात असायचे. पाणी बदलणं, दाणे, कोबीची पानं, संध्याकाळी दार लावून कडी दोनदा ओढून बघणं. कोल्ह्यांबद्दल शेजारणीनं सांगितल्यावर त्यांनी जाळीच्या कडेनं विटा लावल्या. जेवताना बोलायला विषय मिळाला. "इथं मला काय काम आहे" हे वाक्य तीन आठवड्यांत मी एकदाही ऐकलं नाही. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि नवऱ्याला म्हटलं, बघितलंस, तुझ्या शीटमध्ये हा रकाना नव्हता.

अंडी मात्र नव्हती. पहिला आठवडा बाबा म्हणाले, जागा नवी आहे, बुजल्यात. दुसरा आठवडा म्हणाले, थंडी आहे. तिसऱ्या आठवड्यात काही म्हणाले नाहीत. दुपारी मुलीला शाळेतून आणलं की ती दप्तरासकट खुराड्याकडे पळायची, मागचं झाकण उचलायची आणि ओरडून सांगायची, "नथिंग!" बाबा तिच्या मागे उभे असायचे. एका रात्री जेवताना नवरा सहज म्हणाला की दिवस लहान असतात तेव्हा काही जाती अंडी देतच नाहीत. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "माझाच हात चुकला असंल. वय झालं." आणि मग, थोड्या वेळानं, "इथं मला काय कळतंय."

मी दुसऱ्या दिवशी अंडी विकत आणली.

ही गोष्ट मी शहाण्यासारखी केली असं म्हणणार नाही, पण व्यवस्थित केली. माझी शिफ्ट अडीचला संपते. वेस्टमीडहून ट्रेन पकडून मी तीनला घरी येते. बाबा पावणेतीनला शाळेकडे निघतात आणि नातीला घेऊन साडेतीनला परततात. मधला अर्धा तास माझा. इथं दुकानातल्या प्रत्येक अंड्यावर लाल शाईत छोटा शिक्का असतो, कुठल्या फार्मचं ते कळायला. तो मी व्हिनेगरच्या फडक्यानं पुसायचे, अंडं कोरडं करायचे, थोडी माती लावायचे आणि पेंढ्यात ठेवून द्यायचे. पहिल्या दिवशी एक. दोन दिवसांनी आणखी एक. एकदम तीन ठेवली तर संशय येईल, एवढा विचार मी केला होता. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांवर बरोबर लेबल आहे ना ते बघते, आणि घरी येऊन अंड्यांवरची लेबलं पुसत होते.

पहिलं अंडं मिळालं त्या दिवशी बाबांनी ते कोल्हापूरला व्हिडिओ कॉल करून खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवलं. दुसऱ्या अंड्याची पोळी करून नातीला खायला घातली. मुलगी माझं काय चाललंय याचा संशय न येणारी, सरळ पोर आहे, ती कोंबड्यांना जाऊन थँक्यू म्हणून आली. नवऱ्याला मी खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, "हे किती दिवस चालवणार?" मी म्हटलं, सप्टेंबरपर्यंत. त्यानं मान हलवली आणि शिक्का नीट पुसतेस ना, एवढं विचारलं.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ट्रेन लेट झाली. मी घरी पोचले तेव्हा तीन वीस झाले होते. घाईघाईत दोन अंडी ठेवली, एक पुसलं होतं, दुसरं पुसलं असं मला वाटलं होतं. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत असताना मुलीचा आवाज आला, "आजोबा, इट्स गॉट रायटिंग ऑन इट." मग ती मोठ्यानं, शाळेत वाचतात तसं, एकेक इंग्रजी अक्षर आणि आकडा वाचायला लागली. खिडकीतून मला बाबांची पाठ दिसत होती. त्यांनी तिच्या हातातून अंडं घेतलं, चष्मा कपाळावर चढवून बघितलं आणि स्वेटरच्या खिशात टाकलं.

त्या दिवशी ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. कोंबड्यांना दाणे घातले, मुलीला शाळेतून आणलं, जेवले, टीव्ही बघितला. तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला होता. मी भाजी चिरत होते. बाबा आले आणि ते अंडं त्यांनी ओट्यावर ठेवलं. घरंगळू नये म्हणून वर हात ठेवला.

"किती दिवस चाललंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. दोन आठवडे.

"मला वाटलंच होतं. अंडं नेहमी गारच असायचं. मीच म्हटलं, इथली थंडी लई आहे, लवकर गार होत असंल." मग त्यांचा आवाज चढला. माझे वडील फार क्वचित चिडतात, आणि चिडले की आधी कान लाल होतात. "मला काय लहान पोर समजलीस का? तुझी पोरगी आठ वर्षांची, तिला फसवलंस ते फसवलंस. मी कोल्हापूरला त्या खालच्या मजल्यावरच्याला फोन करून अंडं दाखवलं. त्यो सगळ्या बिल्डिंगला सांगून बसलाय."

"तुम्हाला वाईट वाटत होतं म्हणून केलं," मी म्हटलं.

"वाईट वाटू दे की. वाईट वाटलं म्हणून मरतोय काय मी?"

आता इथे मला गप्प बसता आलं असतं. पण सहा महिने गप्प बसून माझंही डोकं भणभणलं होतं. मी सुरी खाली ठेवली आणि सगळं सांगून टाकलं. की अंडी ही दुसरी लबाडी आहे, पहिली नाही. की त्या कोंबड्यावाल्यानं तिथंच सांगितलं होतं, या खायच्या कोंबड्या आहेत, आणि मी मुद्दाम तुम्हाला सांगितलं नाही. की तुम्ही निवडल्यात त्या कोंबड्या कोल्हापुरात कुणीही डोळे मिटून घेतल्या असत्या, पण त्या रश्श्यासाठी, परसात ठेवायला नाही. की तुम्ही त्या लिंबाच्या फुलांच्याच फांद्या तोडल्यात, यंदा त्याला एक लिंबू लागणार नाही. आणि तुमचा चहा पिववत नाही.

बाबा खुर्चीवर बसले. मला वाटलं आता संपलं, आता ते आत जाऊन बॅग काढतील. पण त्यांनी ओट्यावरचं अंडं उचलून एका वाटीत ठेवलं.

"हे तेव्हाच का नाही सांगितलंस?" ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "तुझी आई सांगायची. कोंबडी जून निघाली की पहिल्या घासाला सांगायची, पाहुण्यांच्या देखत सांगायची. मला राग यायचा. पण पुढच्या रविवारी मी नीट बघायचो. आता तिकडं कोण नाही चूक म्हणायला, आणि इथं सगळे वा वा म्हणतात. चहा गोड झाला तरी वा वा. असं कुणाशी वागतात? पाहुण्याशी. पाहुणा किती दिवस राहणार?"

मला एकदम रडू आलं. मी म्हटलं, "मला तुम्ही जायला नको आहात. तुम्ही तिकडे एकटे पडलात तर मला कुणीतरी फोन करून सांगणार, याची मला भीती वाटते. रोज वाटते." हे वाक्य मी सहा महिने तोंडात धरून होते. ते इतक्या साध्या सुरात बाहेर पडलं की मलाच नवल वाटलं. बाबांनी मान डोलावली. जातो किंवा राहतो, यातलं ते काहीच बोलले नाहीत. उठले, चहाचं आधण ठेवलं आणि विचारलं, "साखर किती?"

मी म्हटलं, अर्धा चमचा.

त्या संध्याकाळी त्यांनी जावयाला बोलावलं. "पाव्हणं, तुमचा तो कोंबड्यांचा कागद दाखवा बघू." नवऱ्याला आयुष्यात एवढा आनंद क्वचित झाला असेल. दोघं लॅपटॉपसमोर तासभर बसले. बाबा एकेक ओळ विचारत होते आणि नवरा सांगत होता. तुरा लाल आणि मोठा झाला की अंडी जवळ आली. छाती बघायची नाही, मागचा भाग रुंद आणि मऊ आहे का बघायचा. डोळा चमकदार पाहिजे. बाबांनी हे सगळं एका जुन्या पाकिटाच्या मागे लिहून घेतलं. मध्येच म्हणाले, "म्हणजे मला खायची कोंबडी कळतीय, पाळायची कळत नाही." नवरा सवयीनं म्हणणार होता, नाही नाही बाबा. मी त्याच्याकडे बघितलं. "हो," तो म्हणाला. "दोन्ही वेगळं आहे."

पहिल्या तिघींचं काय करायचं हा प्रश्न होताच. मुलीनं नावं ठेवल्यामुळे तो सुटल्यात जमा होता. त्या राहिल्या, अजून आहेत, भरपूर खातात.

पुढच्या शनिवारी आम्ही परत रिचमंडकडे गेलो, या वेळी मी आणि बाबा दोघंच. त्या माणसानं आम्हाला ओळखलं. "हाउ वॉज द रोस्ट?" त्यानं हसत विचारलं. मी बाबांना शब्दन्‌शब्द सांगितलं. बाबाही हसले. "त्याला सांग, तिघी मजेत आहेत. नातीनं अभय दिलंय." मी तेही सांगितलं.

तपकिरी कोंबड्यांच्या कप्प्यात तुरे लाल झालेल्या पाच-सहा होत्या. बाबांनी एक उचलली आणि अंगठा सवयीनं छातीकडे गेला. "बाबा, छाती नाही," मी म्हटलं. "होय की," ते जरा फणकाऱ्यानं म्हणाले आणि पाकीट काढून वाचलं. मग मागचा भाग बघितला, डोळे बघितले. माणूस म्हणाला की या पंधरा दिवसांत अंडी द्यायला लागतील. मी भाषांतर केलं. मला हव्या होत्या त्या याच. निदान खरं अंडं तरी बाबांच्या हातात पडेल, आणि मग ते गेलेच तर तेवढं समाधान घेऊन जातील, असा माझा हिशेब होता.

बाबांनी ती कोंबडी खाली ठेवली. शेजारच्या कप्प्यात त्याच जातीच्या, पण अर्ध्या वयाच्या होत्या, लांब पायांच्या, तुरा नावाला, सगळ्या एका कोपऱ्यात घोळका करून. बाबा जाळीशी वाकले. "या तलंगा," ते म्हणाले. कोंबडी अंड्यावर यायच्या आधी तिला तलंग म्हणतात, हा शब्द मी कित्येक वर्षांनी ऐकला. "विचार, या कधी घालायला लागतील."

मी विचारलं. "दे आर एट वीक्स. राउंड ख्रिसमस, आय रेकन," तो माणूस म्हणाला.

"आठ आठवड्यांच्या आहेत," मी बाबांना सांगितलं. "ख्रिसमसच्या सुमाराला अंडी देतील." आणि मग, आता सगळं बोलायचंच ठरलं होतं म्हणून, पुढचंही सांगितलं. "बाबा, मोठ्या घ्या. तुमचं तिकीट सप्टेंबरअखेरचं आहे. या घेतल्यात तर तुम्हाला एकही अंडं दिसणार नाही."

"तिकीट मीच काढलंय, मला तारीख माहिती आहे," बाबा म्हणाले. ते कप्प्यात शिरले, खाली बसले आणि घाई न करता एकेक तलंग हातात घेऊन बघायला लागले. तीन बाजूला काढल्या. एकीचा डोळा बारीक वाटला म्हणून ती परत ठेवली आणि दुसरी घेतली. पाकीट त्यांनी एकदाही उघडलं नाही.

गाडीत त्यांनी खोकं मागे ठेवू दिलं नाही, मांडीवर घेतलं. आतून नखांचा आवाज येत होता. मी किल्ली फिरवायच्या आधी ते समोर बघत म्हणाले, "पाव्हण्यांना सांग, तिकिटाचं काय करता येतंय ते बघायला. डिसेंबरात या अंड्यावर आल्या म्हणजे कुणीतरी माहितगार पाहिजे घरात. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

मला स्टिअरिंग दिसेना. मी डोळे पुसले, पुन्हा पुसले. बाबांनी खोक्यावरचा एक हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

"रडतीस कशाला? माझं चुकत असलं तर सांग."

"नाही चुकत," मी म्हटलं आणि गाडी सुरू केली.